मिस्त्रासच्या तटातलं जादा भोक

"कुणी केलं हे? कुणी सांगितलं तुम्हाला इथे करायला?"

वासिलिकी मॅडम आधी इंग्रजीत ओरडल्या, मग ग्रीकमध्ये, आणि दोन्ही भाषा संपल्यावर नुसत्याच ओरडल्या. आमच्या अरबाबचे, म्हणजे मालकाचे, दोन मोर बागेची भिंत ओलांडून शेजारच्या व्हिलात उतरले. त्यांना परत आणायला ड्रायव्हरला गाडी घेऊन जावं लागलं. बहारीनच्या बुदैया हायवेवरचा ट्रॅफिकसुद्धा क्षणभर थांबला असं माझं म्हणणं आहे. आमचा सुतार सलीम म्हणतो की तिथे सिग्नल होता. सलीम रत्नागिरीचा. प्रत्येक गोष्टीतली हवा काढल्याशिवाय त्याला जेवण जात नाही.

मॅडम छत्रीचं टोक रोखून ज्याच्याकडे बघत होत्या ते होतं तटाच्या भिंतीतलं एक भोक. वीतभर रुंद, वर ओबडधोबड कमान, मांजर अंग चोरून जाईल एवढं. मागच्या अंगाला, छोट्या चर्चच्या पाठीशी, अगदी पायाशी. ते ड्रॉइंगमध्ये नव्हतं, आणि आदल्या आठवड्यापर्यंत भिंतीतही नव्हतं.

आता गंमत अशी की ही भिंत मुळात पडकी होती. वरून दात पडल्यासारखी, ठिकठिकाणी ढासळलेली. ती सगळी खिंडारं आम्हीच, मॅडमच्या हुकमाने, मापं घेऊन पाडली होती. अशा भिंतीला एक भोक जास्त झालं म्हणून माणूस एवढा ओरडेल? आणि ओरडताना 'का केलं' असं न विचारता 'कुणी सांगितलं' असं विचारेल? माझ्या डोक्यात संशयाचा किडा वळवळला तो तिथेच. हा किडा मला आईच्या दुधाबरोबर मिळालेला आहे. आमच्या घरात कुणी फुकट चहा पाजला तरी कपाच्या बुडाशी काय आहे ते आधी बघतात.

माझा धंदा आधी सांगायला हवा, नाहीतर वाचक म्हणतील म्हातारा उन्हात फिरून आलाय. लोक नवं घर बांधतात, मी नवं पडकं घर बांधायचो. कोल्हापुरात गणपतीच्या देखाव्यांचे थर्माकोलचे डोंगर करता करता एका एजंटने मला उचललं आणि बहारीनला नेऊन टाकलं. अस्करला, ॲल्युमिनियमच्या कारखान्याच्या अलीकडे, आमच्या कंपनीची शेड होती. हॉटेलातले रोमन खांब, मॉलमधल्या गुहा, श्रीमंतांच्या स्वीमिंग पूलमागचे धबधबे, हे सगळं त्या शेडमधून निघायचं. मी फोरमन.

करायचं कसं? आत लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, जाळीवर सिमेंटचा खास माल. तो ओला असताना दगड कोरायचे. बहारीनच्या उन्हाळ्यात माल थापून तुम्ही करणी उचलायला वळलात की मागे तो दगड झालेला असतो. म्हणून आमच्या पोरांचे हात तबलजीसारखे चालायचे. मग जुनं करायचं. कडक चहाचं पाणी, लोखंडाचा कीस, शेवाळासाठी आंबट दही. भिंत पाडायचीसुद्धा अक्कल लागते. भिंत उगीच कुठूनही पडत नाही. आधी वरची कड जाते, मग खिडकीचा कोपरा. उंबरा मधोमध झिजतो. एका हॉटेलात मी केलेल्या खांबाखाली उभी राहून एक इंग्रज बाई नवऱ्याला त्या खांबाचा इतिहास सांगत होती, आणि मी खांबामागे बसून त्याच खांबाला रंगाचा दुसरा हात मारत होतो. बाईने सांगितलेला इतिहास इतका चांगला होता की मला थोडा वेळ आपलंच वय जास्त वाटायला लागलं.

बहारीनमध्ये खरा किल्ला समुद्रकाठी उभा आहे, हजारो वर्षांची मातीवर माती. पण आमच्या अरबाबला ग्रीसमधला हवा होता. अरबाब अबू खालिद हा दातांचा डॉक्टर. तरुणपणी ग्रीसमध्ये शिकला होता. बुदैयाला त्याचं खजुराचं जुनं शेत आणि त्यात नवी व्हिला. शेताच्या कडेला मातीचा उतार घालून त्यावर त्याला मिस्त्रास हवं होतं, म्हणजे मिस्त्रासचा एक तुकडा, खऱ्याच्या चौथाई मापाने.

मिस्त्रास काय आहे ते मला अरबाबने स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्याचे डोळे दाढ उपटायला मिळाल्यासारखे चमकत होते. ग्रीसच्या दक्षिणेला, जुन्या स्पार्टाच्या वर, डोंगराच्या सोंडेवर एका फ्रेंच सरदाराने किल्ला बांधला. पुढे तो लढाईत हरला आणि गवताच्या गंजीत लपला. शत्रूच्या शिपायांनी गंजी उपसली तर आत एक माणूस, अंगावर साधे कपडे. कुणालाच ओळखू येईना. पण त्याचे पुढचे दात ओठाबाहेर आलेले होते. दातांवरून ओळखला. सुटकेसाठी त्याला हा किल्ला देऊन टाकावा लागला.

"म्हणजे एका माणसाच्या दातांमुळे एक शहर वसलं," अरबाब म्हणाला.

शहर खरंच वसलं. बिझांटिन बादशहाचे भाऊ नि मुलगे तिथे राज्य करायला आले. तटाच्या आत महाल, चर्चेस, उतारावर घरांवर घरं. त्यांचा शेवटचा बादशहा तिथूनच गादीवर गेला म्हणतात. मग भाऊबंदकी, मग तुर्कांनी न लढता घेतलं, मग जाळपोळ. पुढे खाली सपाटीवर नवं गाव वसवलं आणि लोक हळूहळू उतरून गेले. आता वर भिंती, भित्तिचित्रं, मांजरं आणि एका मठात काही जोगिणी. भाऊबंदकीपर्यंत ऐकल्यावर मला कोल्हापुरात बसल्यासारखंच वाटलं.

उतार कसा असावा यात अरबाबने आम्हाला बोट घालू दिलं नाही. डोंगराची मापं कंप्युटरवर आली होती. जिथे खरा खळगा तिथे आमचा खळगा, जिथे उंचवटा तिथे उंचवटा. आणि भिंतीचा प्रत्येक दगड तपासायला ग्रीसहून मॅडम आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, काटक, काळे कपडे, उन्हात काळी छत्री. त्या मिस्त्रासच्याच. जन्म तिथला, आणि मोठं झाल्यावर तिथल्याच डागडुजीच्या कामावर त्यांनी नकाशे काढले. तटाचा जो नकाशा आमच्या टेबलावर होता त्याच्या कोपऱ्यात त्यांचीच सही होती.

त्यांचा आमच्यावर काडीचा विश्वास नव्हता. माल सिमेंटचा आहे की नाही हे त्या वास घेऊन बघायच्या. दोन दगडांमध्ये भाकरीएवढी पातळ वीट बसवायची ही तिथली पद्धत. मॅडम प्रत्येक वीट नखाने वाजवून बघायच्या. आम्ही जेवायला गेलो की भिंत पाणी पिते का ते बघायच्या. मीसुद्धा त्यांच्यावर नजर ठेवून होतो. खोट्या भिंतीच्या कामाला आलेली बाई चर्चच्या पाठीमागे एकटी उभी राहून डोळे का पुसते? आणि त्या बाजूचा फोटो मागितला की तेवढाच बरोबर आणायचा का विसरते?

त्या दिवशी ओरडून झाल्यावर मॅडम आमच्या मॅनेजरकडे, जेकबसाहेबांकडे गेल्या. गुरुवारी अरबाबचे पाहुणे येणार होते. त्याआधी कामावर मॅडमची सही हवी होती. मॅडम म्हणाल्या, सही मिळेल, पण आधी भोक कुणी पाडलं त्याचं नाव पाहिजे.

जेकबसाहेबांनी आम्हाला कंटेनर ऑफिसात बोलावलं. एसी इतका गार की बोललेले शब्द टेबलावर गोठून पडत होते.

"मला एक नाव द्या," ते हिंदीत म्हणाले. "तो माणूस घरी जाईल. बाकी सगळे पुढच्या कामाला सखीरला. नाव नाही दिलं तर सही नाही, सही नाही तर कुणाचाच व्हिसा रिन्यू नाही. खलास."

त्या भिंतीला तिघांचेच हात लागले होते. मी, सलीम आणि गणवीर.

गणवीर नागपूरचा. सिव्हिलचा डिप्लोमा, डावखुरा, बोलायला कंजूष. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला बहारीनमधल्या हॉलचं स्टेज तो एकटा उभारायचा आणि भाषणाच्या वेळी सगळ्यात मागे उभा राहायचा. बायको आणि मुलगी सुजाता इथेच त्याच्या व्हिसावर. सुजाताचं दहावीचं वर्ष. याचा व्हिसा गेला तर तिघांना जावं लागणार, आणि पोरीला बोर्डाच्या तोंडावर शाळा सोडावी लागणार.

मी आधी सलीमला पकडलं. "भोक तू पाडलंस?"

"मी सुतार माणूस, दादा. मी भोक पाडलं असतं तर त्याला दार लावलं असतं."

"मग कुणी?"

"काय की. पण चुकीचं काय त्यात? किल्ला म्हटला म्हणजे चोरवाट नको काय? आमच्या वाडीतली पोरं दिवाळीत मातीचा किल्ला करायची, मी मुसलमानाचा, तरी सगळ्यात आधी चोरवाट मीच पाडायचो. तुम्ही पाडत नव्हता?"

पाडत होतो. मातीत हात घातला की चिखलाचा पहिला गोळा आणि लगेच बोटाने भोक. दिवाळीत किल्ला करून मोठा झालेला मराठी माणूस बिनचोरवाटेचा किल्ला बघून अस्वस्थ होतो, हे मी बहारीनच्या कोर्टात शपथेवर सांगेन. मला माझ्याच हाताचा संशय यायला लागला. गप्पा मारता मारता मीच तर नाही ना पाडलं?

पण पाडलं कुणी ते मला आतून ठाऊक होतं. त्या कोपऱ्यावर त्या आठवड्यात फक्त गणवीर होता. मी त्याला विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने खरं सांगितलं असतं, आणि मग मलाही खरंच सांगावं लागलं असतं. खरं बोलणाऱ्या माणसाबरोबर काम करायचं म्हणजे अशी पंचाईत असते.

संध्याकाळी आम्ही पिकअपमधून अस्करला परत चाललो होतो. गणवीरच्या फोनच्या स्पीकरवर सुजाता.

"बेटा, जेवण झालं का?" तो म्हणाला.

"यस पप्पा. मम्मी इज आस्किंग, शुड वी पॅक ऑर नॉट? माय प्रीलिम्स आर नेक्स्ट वीक."

"काही पॅक नको करू. अभ्यास कर."

त्याने फोन खिशात ठेवला. मग म्हणाला, "दादा, उद्या मी जेकबसाहेबाले भेटून येतो."

"भेटून काय सांगणार?"

"जे आहे ते."

"परवा भेट," मी म्हटलं. "उद्या मला मॅडमशी काम आहे."

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची सुट्टी झाली होती. मॅडम खजुराच्या सावलीत डबा उघडून बसल्या होत्या. अख्खी बाग सोडून त्या भोकाकडे तोंड करून बसल्या होत्या. मी छाती पुढे काढून गेलो आणि माझ्या इंग्रजीत म्हणालो, "मॅडम, ते भोक मी पाडलं."

त्यांनी ऑलिव्हची बी थुंकली. "कमान डावीकडे कललेली आहे. डावखुऱ्या माणसाने कापली आहे. तू चहा उजव्या हाताने ढवळतोस."

इतकी वर्षं मी लोकांवर नजर ठेवली, पण माझ्या चहाच्या चमच्यावर कुणी नजर ठेवली नव्हती.

"त्याचं नाव मला आता कळलं आहे," मॅडम म्हणाल्या. "नुसतं नाव मला नको. त्याला कुणी सांगितलं ते हवं आहे."

म्हणजे बाईला गुन्हेगार नको होता, खबऱ्या हवा होता. मी ताबडतोब तोंड सोडलं. आमच्या मुलखात किल्ल्याला चोरवाट असतेच, असं सुरू केलं. पन्हाळ्याजवळच्या एका किल्ल्याची चोरवाट इतकी लांब की आत लग्न लागून नवराबायको बाहेर पडेपर्यंत त्यांना पोर झालं. आमची मुलं बाराखडीच्या आधी चोरवाट शिकतात. मॅडम ऐकत होत्या, पण चेहऱ्यावरची सुरकुतीसुद्धा हलत नव्हती.

"आणि त्या वाटेने कोण जातं?" त्यांनी विचारलं.

राजा म्हणावं तर भोक राजाच्या मानाने फारच लहान होतं. चौपट केलं तरी राजाला रांगावं लागलं असतं. म्हणून मी ठोकून दिलं, "बाया जातात. खालच्या गावातल्या. वर त्यांच्याच परसातलं काहीबाही राहिलेलं असतं, ते आणायला."

मॅडमनी डब्याचं झाकण लावलं. त्यांचा हात झाकणावर तसाच राहिला.

"बायांचं तुला कुणी सांगितलं?"

आता मात्र मी घाबरलो. आयुष्यभर थापा मारल्या, पण थाप अशी खरी होऊन समोर बसलेली कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "कुणी नाही, मॅडम. मी थाप मारली."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. सोनाराने मोड तपासावी तशा. मग हळूहळू बोलल्या.

त्या लहान असताना सरकारने जागा ताब्यात घेतली आणि तटाच्या आत राहिलेली शेवटची घरं खाली हलवली. त्यात त्यांचं घर होतं. घराच्या परसात लिंबाचं झाड होतं. पहारा बसला, दरवाजाला कुलूप लागलं. पण चर्चच्या पाठीमागे तटाला पायाशी एक भगदाड होतं, झुडपांनी झाकलेलं. त्यांची आई आणि आणखी बाया त्यातून रांगत आत जायच्या आणि आपापल्या झाडाची फळं घेऊन यायच्या. पहारेकऱ्याला माहीत होतं. तो त्या वेळी दुसरीकडे बघत विडी ओढायचा.

पुढे मॅडम तिथल्याच डागडुजीच्या कामावर लागल्या आणि तटाचा तो भाग मोजायला त्यांच्याकडेच आला.

"नकाशात दिसलं असतं तर बुजवलं असतं," त्या म्हणाल्या. "मी तिथे सलग भिंत काढली."

मला टेबलावरच्या नकाशावरची ती सही आठवली आणि मला बाईंबद्दल इतका आदर वाटला की मी उभा राहिलो. आमच्या धंद्यात आम्ही खोटी भगदाडं पाडतो. भगदाड असून कागदावर भिंत उभी करणं ही फार वरची कला आहे.

"पण मॅडम, आता काय त्याचं? आई तर..."

"बहीण जाते," मॅडम म्हणाल्या. "अजून."

गुरुवारच्या पाहुण्यांमध्ये अरबाबने ग्रीसहून एक म्हातारे साहेब बोलावले होते. मॅडमनी ज्यांच्या हाताखाली नकाशे काढले तेच. त्यांना तटाचा दगड न् दगड पाठ. त्यांनी इथलं भोक बघितलं की विचारणार, हे कुठून आलं? आणि परत गेल्यावर झुडपं बाजूला सारून बघणार.

"बस, एवढंच?" मी म्हटलं. "तासाभरात बुजवतो. तुमच्या देवालासुद्धा सापडायचं नाही. तुम्ही फक्त जेकबसाहेबांना सांगा की भोक नव्हतंच, तुम्हाला सावली दिसली."

"मापात मी चुकले असं मी आजवर कुणाला म्हटलेलं नाही."

"त्या पोराची मुलगी दहावीला आहे, मॅडम."

त्या उठल्या, छत्री उघडली, ऑफिसकडे निघाल्या. चार पावलांवर थांबून, मागे न बघता म्हणाल्या, "बुजवू नका. झाका."

ऑफिसात जाऊन त्या जेकबसाहेबांना काय म्हणाल्या ते मी खिडकीखाली उभा राहून ऐकलं. "उन्हामुळे माझी चूक झाली," एवढंच. जेकबसाहेबांनी त्यांना थंड पाणी दिलं. पाणी पितानाचा तो चेहरा मला कुठल्याही भिंतीवर कोरता आला नसता.

झाकायला मी अरबाबच्या माळ्याकडून लिंबाची मोठी कुंडी उचलून आणली. झाड डवरलेलं होतं. कुंडी भोकापुढे अशी ठेवली की नेमकं भोकच दिसेना. मॅडमनी कुंडी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. खरं सांगायचं तर लिंबाचं झाड मी मुद्दाम निवडलं की तेवढी एकच कुंडी मला उचलता आली, हे मी आजतागायत कुणाला सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही.

गुरुवारी ऊन कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, पाहुणे आले. दातांचे डॉक्टरच डॉक्टर. मी तोंड मिटून उभा होतो, कारण एकाने माझ्या दाढेकडे बघितल्याचा मला संशय आला होता. अरबाबने गंजीतल्या सरदाराची गोष्ट सांगितली आणि सगळे खो खो हसले. म्हातारे साहेब मात्र हसण्यात नव्हते. काठी टेकत ते तटाच्या कडेने चालले होते. दरवाजापाशी थांबले, मान डोलावली. चर्चच्या कमानीवरून बोट फिरवलं, मान डोलावली. मग पाठीमागच्या बाजूला वळले. मॅडम त्यांच्या दोन पावलं मागे, हातात मिटलेली छत्री घट्ट धरून.

साहेब कुंडीसमोर थांबले.

"इथे लिंबू कशाला?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

अख्ख्या शेतात तेवढी एकच कुंडी तटाला चिकटून होती. जेकबसाहेब माझ्याकडे बघायला लागले आणि त्यांच्या डोळ्यांत विमानाचं तिकीट दिसायला लागलं.

मी पुढे झालो. "सर, नव्या बांधकामाला दृष्ट लागू नये म्हणून आम्ही भारतात लिंबू लावतो. लहान काम असेल तर एक लिंबू. हे फार मोठं काम, म्हणून अख्खं झाड."

डॉक्टरमंडळी हसली. अरबाब तर खूश होऊन टाळ्या वाजवायला लागला. पण माझ्या शेजारी गणवीर ताठ झाला. हा माणूस असल्या गोष्टींच्या इतका विरुद्ध की सलीमने एकदा पिकअपच्या आरशाला लिंबू-मिरची बांधली तर याने ती सोडून दुपारच्या डाळीत पिळली होती.

"दादा, हे काय लावलं..." त्याने सुरुवात केली. मी त्याच्या बुटावर माझा बूट ठेवला आणि सगळं वजन टाकलं. माझं वजन तेव्हा बरंच होतं.

म्हाताऱ्या साहेबांनी ते पाहिलं. त्यांच्याही अंगात संशयाचा किडा असणार. माझ्याकडे दुर्लक्ष करून त्यांनी थेट गणवीरला विचारलं, "हे खरं आहे?"

हा खोटं बोलत नाही हे मला माहीत होतं. जेकबसाहेबांना माहीत होतं. मॅडमनी डोळे मिटले. मला पुढच्या आठवड्यातला विमानतळ दिसायला लागला, त्यात शाळेच्या दप्तरासकट सुजाता.

गणवीरने एकदा कुंडीकडे पाहिलं, एकदा माझ्या बुटाकडे.

"येस सर," तो म्हणाला. "देअर कस्टम. नॉट माईन."

साहेब थोडे हसले. मग वाकले, लिंबाचं एक पान तोडलं, बोटांत चुरडलं आणि नाकाशी धरलं. वाकलेले असताना त्यांची नजर कुंडीच्या मागे गेली की नाही, हे मी देवाच्यानेही सांगू शकणार नाही. ते उठले आणि मॅडमना ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाले. मॅडमनी एका शब्दात उत्तर दिलं. साहेब पुढच्या भिंतीकडे निघून गेले.

काय विचारलं, काय सांगितलं, ते मी मॅडमना नंतर चारदा वेगवेगळ्या बाजूंनी विचारून पाहिलं. शेवटी त्यांनी छत्री उगारली. माझा अंदाज आहे की साहेबांना सगळं कळलं होतं. सलीमचा अंदाज आहे की त्यांनी बाथरूम कुठे आहे ते विचारलं.

सूर्य खाली जायच्या आत मॅडमनी सही केली. सही करताना त्यांनी पेन जेकबसाहेबांच्या टेबलावरून न घेता गणवीरच्या खिशातून काढून घेतलं आणि परत त्याच्याच खिशात ठेवलं. कुणाला त्यात काही दिसलं नाही. मला दिसलं, पण मला सगळ्यातच काहीतरी दिसतं.

आम्हा तिघांना सखीरचं काम मिळालं. सुजाताने बोर्डाची परीक्षा बहारीनमध्येच दिली. त्या शेतातलं मिस्त्रास अजून उभं आहे, म्हणजे पडकं आहे. खरं मिस्त्रास मी कधी पाहिलं नाही. पैसेही होते, रजाही होती, पण दरवेळी कोल्हापूर आडवं आलं. तेवढी एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. ज्याचं सगळं अंग मी हातांनी घडवलं त्या गावात मला एक पाऊल टाकता आलं नाही.

गुरुवारी परत येताना पिकअपमध्ये मला राहवेना. तटाच्या कुठल्याही कोपऱ्यात भोक पडू शकलं असतं. ते नेमकं तिथेच कसं पडलं? मॅडम आणि गणवीरचं आतून काही बोलणं झालं होतं का? याने बाईंना पाठीमागे डोळे पुसताना पाहून काही ताडलं होतं का? की याला ग्रीक येतं आणि हा आमच्यापासून लपवतो? बुदैयापासून अस्करपर्यंत मी एकेक शंका काढली आणि तो ऐकत गाडी चालवत राहिला. शेवटी मी म्हटलं, "गणवीर, आता सगळं मिटलं. माझ्या गळ्याची शपथ, खरं सांग. तुला ती जागा कुणी दाखवली?"

गणवीरने इंडिकेटर दिला, शेडकडे गाडी वळवली, आणि म्हणाला, "उतारच तसा आहे, दादा. भिंतीवर पाणी मारलं की तिथंच साचून राहत होतं जी."